पॉइंट आला की पहिली तू आत

कबड्डीत बाद झालेला खेळाडू घरी जात नाही. तो रेषेबाहेर बसतो आणि आपल्या संघाला गुण मिळाला की परत आत येतो. जो आधी बाद झाला, तो आधी आत. गल्लीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण हीच गोष्ट मी अंबरनाथच्या एका एसी हॉलमध्ये हातात माईक घेऊन सांगितली, तेव्हा हॉलभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, यांना कळलं. माझ्या वयाच्या माणसानं इतकं भाबडं असू नये.

बदलापुरात कुळगावच्या बाजूला एका शाळेच्या मागे मैदान आहे. तिथे मी वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. पोटापाण्यासाठी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑफिसर होतो. हाताखाली माणसं होती, पण माणसं कशी सांभाळायची हे मी कंपनीत शिकलो नाही. तिथे मेमो कसा लिहायचा तेवढं शिकलो. बाकीचं सगळं सकाळी ड्युटीला जायच्या आधी, मैदानावर, नाक पुसत येणाऱ्या पोरींकडून.

नियमाप्रमाणे बाद खेळाडूंसाठी मैदानामागे एक चौकट आखतात. आमच्याकडे त्या जागी शाळेनं टाकून दिलेला एक लांब बाक होता. त्या बाकाचा कायदा माझा होता आणि तो मी कुणासाठी वाकवला नाही. बाद होऊन आलेल्या मुलीला कुणी वाकडा शब्द बोलायचा नाही. तिनंही रडायचं नाही, आईजवळ पळायचं नाही. बाकाच्या कडेला पुढे सरकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून सामना बघत बसायचं. कारण ती कुठल्याही क्षणी आत जाणार असते. आणि आतल्या मुलींना मी सांगायचो, ‘गुण कशाला मिळवायचा? फळ्यावर लावायला नाही. तुमची मैत्रीण बाहेर बसलीय, तिला आणायला.’ एवढं सांगितलं की त्या पोरी जीव खाऊन खेळायच्या. कप आणि ढाली पुष्कळ आल्या, पण मला त्यांच्यापेक्षा बाकावरून उठून आत धावणारी पोर बघायला जास्त आवडायचं. अजूनही आवडतं, म्हणूनच पुढे जे झालं त्याचा राग जात नाही.

पालकांना मात्र तो बाक म्हणजे शिक्षा वाटायची. एक गृहस्थ होते, पॅकेजिंगचं युनिट असलेले. मुलीला गाडीतून आणून सोडायचे आणि काच खाली करून खेळ बघायचे. एकदा मुलगी बाकावर बसलेली बघून तरातरा आले. म्हणाले, ‘सर, माझी मुलगी बसायला येत नाही, खेळायला येते.’ मी म्हटलं, ‘मग तिला बाद होऊ नको म्हणून सांगा.’ त्यांना तो उद्धटपणा वाटला. होताच तो. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरातही म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी बॅडमिंटनला जाऊ लागली.

मी रिटायर झालो आणि हेच गृहस्थ एके दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या घरी आले. आता ते नवउद्योजकांना मार्गदर्शन करणाऱ्या एका केंद्राचे अध्यक्ष झाले होते. एमआयडीसीत जुन्या शेडला रंग लावून, आत काचेची केबिन आणि रंगीत खुर्च्या टाकून ते केंद्र उभं केलं होतं. म्हणाले, ‘सर, त्या वेळी तुम्ही माझ्या मुलीला बाकावर बसवलंत. मला राग आला होता. आज कळतं, लीडरशिप म्हणजे काय ते तुम्हालाच समजलं होतं. आमच्या मुलांना तुमची गरज आहे.’ बायकोनं आतून चहा आणला आणि माझ्याकडे बघितलं. तिला माणसं माझ्यापेक्षा लवकर कळतात. पण स्तुती कुणाला कडू लागते? मी हो म्हणालो.

तर असं ते भाषण झालं, टाळ्या पडल्या आणि मी केंद्राचा सल्लागार झालो. आठवड्यातून दोनदा जायचो. येणारा प्रत्येक जण फाउंडर होता. बदलापूरच्या सोसायट्यांमध्ये पार्किंग शोधून देणारं ॲप काढणारा एक पोरगा होता. मी त्याला विचारलं, ‘पार्किंग आहे कुठे, शोधून द्यायला?’ तो म्हणाला, ‘सर, ते नंतर सॉल्व्ह करू.’ मी त्याला कबड्डीचा दम सांगितला: कितीही भारी चढाई असो, श्वास तुटला की तू बाद, तेव्हा आधी तुझा दम किती टिकतो ते मोज आणि मग रेषा ओलांड. त्यानं ते लगेच मोबाइलवर टाकलं आणि खाली माझा फोटो. दम काही त्यानं मोजला नाही.

मग माझ्याच तीन मुली आल्या. आता त्या चांगल्या मोठ्या झाल्या होत्या, पण माझ्या डोळ्यांपुढे त्या मैदानावरच्याच. एक आमची रेडर, म्हणजे चढाई करणारी. बोलण्यात आणि चालण्यात वीज. शिकून मुंबईत नोकरी करून आलेली. दुसरी कव्हर, म्हणजे मधल्या फळीतली. शांत, दुसरी कुणी झेपावली की मागून आधार देणारी. आणि तिसरी डावा कोपरा. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून ती एसटीनं यायची. शेतकऱ्याची पोर, हाडापेरानं मजबूत, आणि घोटा धरला की सोडणार नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या कोपऱ्यांमध्ये हिच्यासारखी दुसरी नाही. तिचा एकच दोष होता. समोर घोटा दिसला की ती इतरांची वाट न बघता झेप घ्यायची. नऊदा पकड व्हायची आणि दहाव्यांदा ती स्वतः बाद होऊन हसत बाकाकडे यायची.

त्यांचा धंद्याचा विचार ऐकून मला भरून आलं. लहानपणी या मुली भावांच्या हाफ पँटी घालून खेळल्या होत्या, कमरेला सेफ्टी पिन लावून. मुलींच्या मापाच्या, गुडघ्याला आतून जाड अस्तर लावलेल्या खेळाच्या पँटी कुणी शिवतच नव्हतं. त्या तिघी शिवून घेणार होत्या. उल्हासनगरला कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीत एक गाळा मिळत होता. अध्यक्षांनी ओळखीनं तो मिळवून दिला, हे खरं आहे आणि ते त्यांनी नंतर कधी विसरू दिलं नाही. रेडर गिऱ्हाईक बघायची, कव्हर कापड आणि शिलाई. कोपरा शाळाशाळांमधून हिंडून मुलींची मापं घ्यायची. पोरी तिच्यापाशी मोकळ्या व्हायच्या. कुठे घट्ट होतं, कुठे काचतं, हे त्या रेडरच्या नीटनेटक्या इंग्रजीसमोर कधीच बोलल्या नसत्या.

मी दर मंगळवारी गाळ्यावर जायचो. शेजारी एका सिंधी व्यापाऱ्याचं चेन आणि बटणांचं दुकान होतं. म्हातारा दिवसभर गल्ल्यावर बसून गल्लीतल्या प्रत्येकाची चौकशी करायचा. मला मास्टरजी म्हणायचा. ‘मास्टरजी, आपकी लड़कियाँ होशियार हैं, पर माल उधार मत देने देना.’ गाळ्याला पुढे मोठी काच होती, आतली मशीन आणि टेबलं रस्त्यावरून दिसायची. समोर चहावाल्याचा बाक होता. मी तिथे बसून कटिंग प्यायचो आणि काचेतून त्यांच्याकडे बघायचो. त्या वर्षी मी सुखी होतो, हे सांगायला हवं.

मग कोपऱ्यानं झेप घेतली. शहाडच्या बाजूला एक शाळा आहे. तिथे क्रीडामहोत्सव होता आणि मुली स्कर्टखाली लेगिंग घालून सराव करत होत्या, पडल्या की आधी स्कर्ट सावरायच्या. ते बघून हिला राहवलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं, ‘महोत्सवाच्या आधी सगळ्या पोरींना पँटी देतो.’ दोघींना विचारलं नाही. आणि नेमका त्याच सुमारास कटिंग मास्टर आणि कारागीर लग्नसराईसाठी गावाला निघून गेले. तिघींनी स्वतः मशीनवर बसून शिवायचा प्रयत्न केला, पण ते होणार नव्हतं. महोत्सवाच्या दिवशी निम्म्या मुली पँटीत आणि निम्म्या स्कर्टमध्ये धावल्या. मुख्याध्यापिकाबाई ग्राउंडवर पाहुण्यांसमोर रेडरला वाट्टेल ते बोलल्या. रेडरनं मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचा अपमान झाला होता, आणि तो तिच्या चुकीमुळे नव्हता. हे मी तिच्या बाजूनं सांगतो.

पुढच्या आठवड्यात केंद्रात बैठक झाली. अध्यक्ष, मी आणि तिघी. अध्यक्ष म्हणाले की कोपऱ्यानं काही काळ बाजूला राहावं, बाजारात चांगला मेसेज जाईल. कोपरा टेबलाच्या सनमायक्याकडे बघत होती. तेव्हा रेडर उठली, कानामागे केस सारत तिच्या खुर्चीशेजारी आली, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले आणि म्हणाली, ‘ए, ऐक ना. तू आत्ता आउट. एवढंच. बाकावर बस. आपला एक मोठा पॉइंट आला ना, की पहिली तू आत. प्रॉमिस.’

कोपरा हसली. तशीच, बाद होऊन बाकाकडे येताना हसायची तशी. ‘चालंल,’ म्हणाली. भागीदारीचा कागद दोघींच्या नावानं नवा झाला, तिनं एक प्रश्न विचारला नाही. मैदानावर वाढलेल्या मुलीखेरीज कुणी असं मान्य केलं नसतं. बाहेरच्या कुणी वकील केला असता, निदान चार शिव्या तरी दिल्या असत्या. आणि मी? माझा ऊर भरून आला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं, ‘बघ, पोरी विसरल्या नाहीत.’ ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘कागदावर काय लिहिलंय?’ मी तिच्यावर चिडलो.

कोपरा बाकावर बसू लागली. हे मी अलंकारिक बोलत नाही. ती रोज सकाळी उल्हासनगरला यायची आणि गाळ्यासमोरच्या चहावाल्याच्या बाकावर बसायची. पुढे सरकून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून. दुपारी डबा खायची. संध्याकाळी पाच वाजता जाऊन ती अंबरनाथला एका जिममध्ये बायकांचा व्यायाम घ्यायची, त्यावर तिचं भागत होतं. पण दिवस बाकावर. गल्लीतल्या कारागिरांना आधी मजा वाटली, मग सवय झाली. बटणवाला म्हातारा मला म्हणाला, ‘मास्टरजी, ये बच्ची का क्या चक्कर है? अंदर की है तो बाहर क्यों बैठती है?’ मी त्याला कबड्डी समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘और जो अंदर हैं, उनको भी मालूम है ये?’

मंगळवारी मी तिच्या शेजारी बसायचो. तिला म्हणायचो, ‘बाकावरची मुलगी संघाबाहेर नसते. नजर खेळावर ठेव.’ ती हो म्हणायची, मला चहा मागवायची आणि माझ्या गुडघेदुखीची चौकशी करायची. आतून कव्हर कधीकधी आमच्याकडे बघायची आणि पटकन मान वळवायची. रेडर फोनवर असायची.

आणि पॉइंट आला. मोठाच आला. एका संस्थेच्या सगळ्या शाळांना पँटी पुरवायचं काम त्यांना मिळालं. गल्लीत पेढे वाटले. रेडर बॉक्स घेऊन रस्ता ओलांडून बाकापाशी आली आणि तिनं कोपऱ्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा भरवला. मग मला दिला. मला वाटलं, आता हात धरून उठवणार. तिचा हात बॉक्सवरच राहिला. ‘सर, खूप काम पडलंय, आलेच,’ असं म्हणून ती आत गेली. कोपरा पेढा चघळत होती. तिनं शेवटचा कण जिभेनं काढला, हात झटकले आणि पुन्हा काचेकडे बघायला लागली. मी मनाला समजावलं, आज गडबड आहे, उद्या बोलावतील.

त्यानंतरच्या एका मंगळवारी काचेमागच्या तिसऱ्या टेबलावर एक नवी मुलगी बसलेली दिसली. लॅपटॉप उघडा, केस मोकळे. ओळखायला मला वेळ लागला नाही. बॅडमिंटनला गेलेली. अध्यक्षांची मुलगी.

मी आत गेलो. रेडरला म्हटलं, ‘बाहेर ये.’ गल्लीच्या टोकाला नेऊन विचारलं, ‘पॉइंट आला का नाही?’ तिला कळलं मी काय विचारतोय. तिनं कानामागे केस सारले.

‘सर, प्लीज. ती खेळातली गोष्ट होती.’

‘तू तिला शब्द दिला होतास.’

‘मग काय बोलायला पाहिजे होतं? तुला काढतोय? तिनं रडारड केली असती, घरचे आले असते, पूर्ण पाडा गाळ्यावर आला असता. असं बोलले तर तिला पटलं ना? तिला हर्ट नाही झालं. सर, मी तिच्या चांगल्यासाठीच तसं बोलले.’ मग जरा आवाज उतरवून, ‘अंकलनी हा गाळा दिलाय, संस्थेचं कामही त्यांच्या ओळखीनं आलं. त्यांच्या मुलीला नाही कसं बोलणार? तुम्ही सांगा ना. तुम्ही बोलला असता?’

मी बोललो असतो. मी त्यांना त्याच मुलीबद्दल एकदा नाही म्हटलेलंच होतं. पण हे तिला सांगून काय उपयोग होता? ती खाली बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं की नव्हतं हे मला सांगता आलं नाही. लहानपणापासून बघितलेल्या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी मला ओळखता येईना, हे मला तिच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. ‘शिटी वाजवून सामना थांबवायचे दिवस गेले, सर,’ असं काही ती म्हणाली नाही, पण मला ते तिच्या उभं राहण्यातच ऐकू आलं.

तिथून रिक्षा करून मी तडक अंबरनाथला केंद्रात गेलो. अध्यक्षांच्या केबिनमध्ये शिरलो आणि मनात होतं ते सगळं बोललो. आवाज चढला होता, टेबलावर हात आपटला तेव्हा त्यांचा चहा सांडला. त्यांनी शांतपणे टिश्यूनं टेबल पुसलं. मला बसायला सांगितलं. आणि मग ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

‘सर, तुम्ही इमोशनल होताय. अहो, उलट मला तुमचं कौतुक वाटतं. पार्टनर काढायचा म्हणजे केवढी कटकट असते! कोर्टकचेऱ्या, घरचे, बदनामी. इथे तर ती स्वतःहून उठली. सही केली. रोज हसतमुखानं येऊन बसते, कुणाविषयी एक वाईट शब्द नाही. मी सगळ्यांना सांगतो, ही सरांची बाक पद्धत. पुढच्या शिबिरात यावर एक सेशन घ्याच तुम्ही. आपल्या बाकीच्या फाउंडरना फार उपयोगी पडेल.’

बाक पद्धत. हा माणूस मला टोमणा मारत नव्हता. तो मनापासून बोलत होता. माणसाला परत आत घ्यायची खेळातली एवढी एक रीत, ती मी आयुष्यभर पोरींच्या अंगात मुरवली, आणि त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिच्यातून एवढंच उचललं होतं की माणूस आवाज न होता बाहेर कसा काढायचा. पोरींना मी खेळ शिकवला तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं. या मोठ्या माणसांना मी काय शिकवायला निघालो होतो? मी उठलो. दारात थांबून एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. पुन्हा त्या केंद्राची पायरी चढलो नाही. त्यांनी फलकावरचा माझा फोटो अजून काढलेला नाही, असं ऐकतो.

आता एकच काम राहिलं होतं आणि ते मलाच करायचं होतं. ती पोर तिथे बसून राहिली होती आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरच्या घरी मी चार वेळा बोलून बघितलं. काय सांगायचं, कसं सांगायचं. तिला आतून बोलावणं येईल या आशेवर तिनं आणखी एकही दिवस घालवू नये, एवढं मला हवं होतं. ती माझ्यावर रागावली असती तर मला बरंच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गाळ्यासमोर शिडी लावून दोन कारागीर काचेवर पांढरी फिल्म चिकटवत होते. हल्ली ऑफिसांना लावतात तशी. उजेड आत येतो, पण आरपार दिसत नाही. अर्धी काच झाली होती. खालच्या अर्ध्या भागातून टेबलांचे पाय आणि आता आत बसणाऱ्या तिघींच्या चपला दिसत होत्या. कोपरा बाकावर बसून ते काम बघत होती. मी शेजारी बसलो. पाठ केलेलं सगळं विसरलो.

‘त्या तुला बोलावणार नाहीत,’ मी म्हणालो.

‘ठावं हाय, सर.’

‘कुणी सांगितलं?’

‘कोनी नाय. पयल्या दिवशी मीटिंगमधी बोलली तवाच ठावं होतं. खोटं बोलताना ती कानामागं केस घालते. चढाईला जाताना पन घालायची, बोनसच्या रेघंवर पाय टाकायचा नसला आनि नुसती हूल द्यायची असली का.’ ती थोडी हसली. ‘तुमी तिचे पाय बगायचे. मी तिच्या बाजूला उभी असायची ना.’

‘मग इतके दिवस बसलीस कशाला?’

कारागिरानं फिल्मवरचा बुडबुडा पट्टीनं ढकलत कडेला नेला. तो पुरता जाईपर्यंत ती बघत राहिली.

‘रोज सकाळी शटर उघडाया येतात ना त्या, तवा मी समोर. जेवायला बसल्या का मी समोर. कोनी पार्टी आली का मी समोर. त्यांना माज्याकडं बगाया लागायचं, नाय तर तोंड फिरवाया लागायचं. रोज. एवडं तरी करावं म्हटलं. फुकटात नाय सोडायची त्यांना.’ मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, ‘तुमाला खरं वाटलेलं ना सर? त्या बोलावतील म्हनून?’

मी मान डोलावली.

‘मना दिसत होतं ते. दर मंगलवारी तुमी एवड्या खुशीत येऊन सांगायचे. मी दोनदा सांगनार होती. मग म्हटलं, जाऊ दे.’

म्हणजे मी तिला धीर द्यायला येत होतो असं समजत होतो, आणि ती मला सांभाळत होती. माझ्या गुडघ्यांची चौकशी करून, चहा मागवून.

समोर शिडी खाली आली. काच खालपर्यंत पांढरी झाली. आत कुणीतरी हसलं, कोण ते कळलं नाही.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘आता बसून काय करू? दिसनारच नाय त्यांना.’

तिनं डब्याची पिशवी खांद्याला लावली, चहावाल्याला हात केला. बटणवाला म्हातारा दुकानातून बाहेर येऊन उभा होता, त्यालाही ‘येते काका’ म्हणाली. मग माझ्यासमोर आली आणि सामन्याआधी पोरी पडतात तशी माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.